धायरी ते मांजरी, मांडीवर दुधाची बाटली

"अण्णा, दुधात पाणी घालता काय?" डेअरीवाल्याने चारचौघांत विचारलं आणि आमची मांजरीची भलतीच सुंदर सहल ठरली. अण्णा म्हणजे माझे वडील. धायरीत त्यांची एकच म्हैस उरलीय. दुधाचं फॅट पाचच्या खाली येतंय, सुधारलं नाही तर सोमवारपासून दूध घेणार नाही, असंही त्याने सुनावलं. अण्णा दोन दिवस धड जेवले नव्हते. "मशिन खोटं हाय त्याचं," एवढंच म्हणायचे. म्हणून मांजरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासून घ्यायचं मी ठरवलं.

शनिवारी मी सदाशिव पेठेतून पहाटेच धायरी गाठली. धार काढून झाल्यावर बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली, डबा घेऊन अण्णा मागे बसले आणि मी स्कूटरला किक मारली. तुम्हाला जायचं असेल तर सातच्या आत सिंहगड रस्ता सोडा; नंतर बर्फ वितळतो, तुम्ही तिथेच असता. हडपसरला मिसळ झकास मिळाली. अण्णांनी नुसता चहा घेतला. डबा मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हते. पुढे ऊस, मग इमारती, मग पुन्हा ऊस, आणि सगळ्यावर धूळ. मला उगाचच रडू येत होतं.

प्रयोगशाळा एका दुकानाच्या माडीवर. तपासणीचे दोनशे रुपये. तिथल्या बाईंनी दूध कोमट करून हलवलं आणि यंत्राची नळी त्यात बुडवली.

"आत प्रकाश सोडतो आपण," त्या म्हणाल्या.

अण्णा वाकून बघायला लागले. "कुठाय उजेड?"

"डोळ्यांना नाही दिसत, काका. दुधातली चरबी त्यातला काही प्रकाश शोषून घेते. किती शोषला, त्यावरून फॅट कळतं."

कागद बाहेर आला. पाणी अजिबात नाही. अण्णांनी टोपी काढून घाम पुसला. पण फॅट चार पूर्णांक सहाच.

"शेवटचं दूध बाटलीत घेतलंत ना?" बाईंनी विचारलं.

"ते कसं घ्यायचं? ते पारडीचं असतं," अण्णा म्हणाले. पारडी म्हणजे म्हशीचं पिल्लू. आमच्याकडे शेवटच्या धारा कासेतच ठेवतात, तिच्यासाठी. आजोबाही ठेवायचे.

"अहो काका, सगळी साय त्या धारांतच असते. पहिलं दूध पातळच."

परतताना अण्णांनी स्कूटर थेट डेअरीवर न्यायला लावली. डेअरीवाल्याने कागद वाचला, "पाणी नाही, चुकलं माझं," म्हणाला. "पण फॅट पाहिजेच, अण्णा. पुढं मोठ्या डेअरीत मलाबी तेच विचारत्यात."

सोमवारी सकाळी मी मुद्दाम पुन्हा गेले. अण्णांनी पारडीला लांबच्या खुंट्याला बांधलं आणि कास पार रिकामी केली. फॅट साडेसहा आलं. "बघा, आता कसं!" डेअरीवाला खूश झाला.

घरी आईने त्याच दुधाचा चहा केला. वर जाड साय आली होती. गोठ्यातून पारडी ओरडत होती. अण्णांनी कप तसाच ठेवला, मीही.