लोखंड वाजवून बघणारे आप्पा

आप्पा सायकलकडे आधी बघायचेच नाहीत. चाकं, साखळी, सीट सगळं उतरवून नुसती फ्रेम सुतळीने आढ्याला टांगायची, डोळे मिटायचे आणि पान्याने एकेका सांध्यावर हलकेच ठोका द्यायचा. आवाज टणकन उठून लांबला, की सांधा पक्का. थपकन विरला, की आत कुठेतरी भेग. मग म्हणायचे, “मरेल शे. इन्हावर बसू नका.” मेलेल्या फ्रेमला त्यांनी पुन्हा हात लावला नाही, मालक कितीही गयावया करो.

सारंगखेड्यात आमची पिठाची गिरणी त्यांच्या दुकानाला लागून. फ्रेम वाजवायची वेळ झाली की आप्पा दारात येऊन हात वर करत, आणि मला चालू गिरणी बंद करावी लागे. दळणाला आलेल्या बायका करवादायच्या, त्यांचं सगळं मलाच ऐकावं लागायचं. एकदा मीही कुरकुरले, तर शांतपणे म्हणाले, “पीठ जाड पडनं ते भाकर व्हस, माय. सांधा कच्चा ऱ्हायना ते मानूस पडस.” मी जाऊन गिरणी बंद केली.

कंपनीतून आलेली कोरी फ्रेमही तशीच टांगली जायची. रंग काय, कशावरही चढतो, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लावून माणूस उतारावर सुटतो, तेव्हा त्याचा जीव सांधा जोडणाऱ्या पितळेच्या डागावर असतो, हे ते येईल त्याला ऐकवत. माल घेऊन येणारे वैतागायचे, पण गावात शब्द चालायचा तो आप्पांचाच.

पुढे पुढे त्यांनी गिरणी बंद करायला सांगणं सोडलं. आम्हाला वाटलं, चला, म्हातारा निवळला! त्याच सुमारास फ्रेमा एकामागून एक मरायला लागल्या. जुन्या, नव्या, सगळ्याच. आजकाल लोखंडच हिणकस येतं, असं आप्पा हळहळून सांगायचे आणि लोकांना ते पटायचं. दगाभाऊ दूधवाल्याची सायकल त्याच्या बापाच्या वेळची. तीही मेली म्हणाले. त्याने डोळे पुसत भंगारात घातली.

मग एका दुपारी आप्पांनी स्वतःची सायकल टांगली. जन्मभर वापरलेली. ठोका दिला, पुन्हा दिला, कान लावून दिला. खाली उतरवली आणि हॅक्सॉ घेऊन एकेक सांधा कापून काढला. भेग कुठेच नव्हती. पितळ काठोकाठ भरलेलं, लोखंड आतून स्वच्छ. मी चहा घेऊन गेले तेव्हा तुकडे मांडीवर घेऊन बसले होते. दोनदा हाक मारली, वळले नाहीत. समोर गेले तेव्हा म्हणाले, “लोखंड चांगलं शे, माय. मन्हाच कान मरी गयात.”

मला तिथेच रडू फुटलं.

दुकान त्यांनी त्याच दिवशी बंद केलं, ते कायमचं. आप्पा गेले त्याला आता वर्ष होत आलं. पण जाण्याआधी ज्यांच्या ज्यांच्या सायकली त्यांनी मेल्या म्हणून सांगितल्या होत्या, त्यांच्या घरी ते पायी जाऊन आले. सायकल चांगली होती, चूक माझी, एवढंच सांगायला. बहुतेकांच्या सायकली केव्हाच भंगारात गेलेल्या.

दगाभाऊकडे मीही सोबत होते. तो गोठ्यातून धावत आला, आप्पांना खाटेवर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “जाऊ द्या आप्पा, मनवर लेऊ नका.”

आप्पांनी कानामागे हात धरला. दगाभाऊने तेच पुन्हा सांगितलं, जीव तोडून, मानेच्या शिरा फुगेपर्यंत. आप्पा त्याच्या लाल झालेल्या तोंडाकडे बघत राहिले, मग हात जोडून खाली मान घालून निघाले.

वाटेत म्हणाले, “संतापना बिचारा. त्यानं बरोबरच शे.”

अहो, तो रागावला नाही, त्याने केव्हाच माफ केलं, असं मी रस्त्यातच बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं. आप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मलाही हात जोडले.