हात धुऊन या

"हात धुऊन या!" नर्सबाई वरडली, अन् तिथंच सारं बिघडलं. बिघडलं का नाई बिघडलं, मले अजून समजलं नाई, म्हनून तर सांगून राह्यली.

मी खाली गोनपाटावर पडली होती. सांदवाडीतल्या, घरामांगच्या वाडीतल्या झोपडीत, दिवसाढवळ्या. आंगातून रगत असं चाललं होतं जसा बांध फुटला. लेकरू बाहेर आलं होतं, माझ्या पायाजवळ होतं, पन रडलं नाई. निळं पडून राह्यलं होतं. बाईचा एक हात माझ्या आत अन् दुसरा वरून पोटावर मूठ करून दाबलेला. दारात माझी सासू, हातात निंबाचा डहाळा. बाई कोपरानं लेकराची पाठ घासून राह्यली होती, कोपर पुरत नोहतं. मी म्हनली, "बाई, मले सोडा, त्याले पाहा." बाईनं माझ्याकडं पायलं बी नाई. दारात पायलं अन् वरडली.

त्या बाईले आमच्या गावात साबनबाई म्हनत. खरं नाव दवाखान्याच्या पाटीवर होतं, पन ते कोनाच्या तोंडी बसलं नाई. वडश्याहून छकड्यात बसून आली, संग एक लोखंडी पेटी, अन् उतरल्याबरोबर पयले पानी मांगतलं. पियाले नाई, हात धुवाले. गावातल्या बाया गोळा होऊन पाह्यत राह्यल्या. बोटाच्या फटी, नखं, मनगटं, मंग पार कोपरापर्यंत फेस. धुतलेले हात वर धरून उभी राह्यली, पुसले बी नाई. पोट्टे तिच्यामांगं तसेच हात वर करून चालाचे. सासू म्हनली, "काहो नर्सबाई, मुडदा गिडदा उचलून आल्या का?"

बाई म्हनली, "उचलायला लागू नये म्हणून धुते, मावशी."

ती अशीच बोले, पुस्तकातल्यावानी. होती वर्ध्याकडची, पन दूर दिल्लीकडं शिकून आली होती. दवाई-पट्टीवाल्या नर्सा आमी पायल्या होत्या, पन ही डिगरीची नर्स. चार वर्सं कालेज. सासऱ्याले हे पटेच ना. मी तेव्हा पोटुशी, तपासाले तिच्याकडं जाऊन बसे. मी चौथी शिकलेली, मले लय नवल वाटे. म्हनलं, "बाई, चार वर्सं शिकवतात तरी काय?"

बाई म्हनली, "पहिल्यांदा खाट लावायला शिकवतात."

मले हसू आलं. घरी सांगतलं तं सासरा पार खोकलत हसला. "खाट टाकाले कालेज? आमची म्हतारी एका झटक्यात टाकते, तिले बी डिगरी द्या म्हना!" बाईले हे समजलं. राग नाई आला. ती म्हनली, "चादरीला एक वळी राहिली ना, तर ज्याला कुशीवर वळता येत नाही त्याची पाठ तिथं सडते. ती पाठ पाहिली की मग कोणी हसत नाही." मी त्या दिवसापासून हसली नाई.

मंग रोज थोडं थोडं सांगे. मी भाजी निसत बसे, ती कापसाच्या वाती वळल्यावानी पट्ट्या वळे. सुई पयले लिंबाले टोचाची, मंग एकमेकींच्या दंडाले. मानसाची हाडं हातात घेऊन नावं पाठ कराची. नाडी पाहाची. म्हताऱ्याले घास कसा भरवाचा, ठसका लागू न देता. सडलेल्या जखमेपुढं नाक मुरडाचं नाई, कारन पेशंट जखमेकडं पाह्यत नाई, तुमच्या तोंडाकडं पाह्यते. अन् शेवटी, मेलेल्याचं आंग पुसाचं, डोळे मिटवाचे, हनुवटी बांधाची.

मी म्हनली, "हे बी शिकवते?"

"हे पण शिकवतात. त्याच्याशी बोलत बोलत पुसायचं, म्हणायच्या आमच्या मोठ्या बाई. ऐकतो म्हणून नाही. आपले हात धसमुसळे होऊ नयेत म्हणून."

सासूले ती कधी गोड लागली नाई. नाळेले राख लावाची नाई म्हने, बाळंतिनीले पानी तोडाचं नाई म्हने. सासू म्हने, "आमी का मेलो मंग?" बाई म्हने, "तुम्ही जगलात, मावशी. मेलेल्या भांडायला येत नाहीत." सासू आतून जळे. तिच्या मोठ्या सुनेले, माझ्या जावेले, हिवतापानं नेलं होतं. जावेचा गनू सासूनंच वाढवला. तो तिचा जीव. देवीची लस टोचाले मानूस आला होता तं सासूनं त्याले धानाच्या ढोलीत लपवून ठेवलं होतं.

त्याच गनूले धान निसवायच्या दिवसात माता निघाली. आमच्याकडं देवीच्या रोगाले माताच म्हनतात. तोंडभर फोड, डोळे उघडेना. सासूनं दाराले निंब बांधला, घरात फोडनी बंद, तेल बंद, कोनी केस विंचरनं बंद. जो मातेची सेवा करते, त्यानं बाळंतिनीचा इटाळ तं सोडाच, तिची सावली बी घ्याची नाई. घेतली तं माता खवळते अन् लेकराले घेऊन जाते. माझे दिवस भरत आले होते, म्हनून सासऱ्यानं सांदवाडीत माझ्यासाठी येगळी झोपडी घातली. माझ्या मोठ्या पोरीले माहेरी पाठवलं.

मले वाटलं आता बाई भांडनार. बाई आली, गनूले पायलं, बाहेर आली, हात धुतले अन् म्हनली, "मावशी, या खोलीतलं माणूस त्या झोपडीत जायचं नाही. झोपडीतलं इकडे यायचं नाही. भांडं नाही, कापड नाही, काही नाही."

सासू पाह्यतच राह्यली. मंग पयल्यांदाच बाईपुढं हसली. "म्हंजे चार वर्सं शिकून तू आमच्याच उंबऱ्याशी आली म्हन की व!"

बाई बी हसली. ती म्हने रोगाचे जंतू, सासू म्हने मातेचा कोप, पन रेघ एकाच जागी पडली होती. त्या दिवशी सासूनं तिच्याजवळून साबन घेतला. बाईनं तिले परसात बसून हात धुवाले शिकवलं. फटी, नखं, मनगट, कोपर. सासूनं त्याची पूजाच करून टाकली. दर बोटाले मातामायचं नाव घे, दोन्ही हात झाले की पुन्हा पयल्यापासून घे. गनूजवळून उठली की परसात बसून घासत राहे. बाई मले म्हनली, "माझ्यासोबत शिकणाऱ्या पोरींनी इतकं मन लावून नाही धुतले कधी." तिले तिचं लय कौतुक वाटलं होतं.

अन् मंग तो दिवस. सुईन तापानं फनफनत घरी पडलेली. मानसं धानाच्या बांधीत कामाले. मी, बाई, अन् दारात उंबऱ्याबाहेर उभी सासू, पानी ठेवून मांगं सरकनारी. लेकरू आलं, पोरगा होता, अन् त्याच्यामांगं रगत आलं. बाईनं एक हात आत घातला, दुसरा पोटावर दाबला. मी ओढून काढाले गेली तिचे हात. "हात काढला तर तू जाशील," ती म्हनली. मी लेकराकडं हात न्याले गेली, तो उचललाच नाई, जसा दुसऱ्याचा हात.

बाई दाराकडं पाहून म्हनली, "मावशी, लेकरू श्वास घेत नाहीये. कोणीतरी त्याच्या तोंडात फुंकायला पाहिजे."

सासू जागची हालली नाई. तिच्यामांगं घरात गनू कन्हत होता, ते मले झोपडीत आयकू येत होतं. मी आतापर्यंत तिले कधी तसं पायलं नोहतं, तोंडावरचं सारं उतरलं होतं. मंग तिनं डहाळा खाली ठेवला. फेकला नाई, नीट ठेवला, अन् म्हनली, "माय, माझ्या गनूले संभाळजो," अन् पाय उचलला.

तव्हाच बाई वरडली, "हात धुऊन या!"

सासू थांबली. वळली. परसात गेली. मले कुडाच्या फटीतून ती दिसत होती. बसली, लोटा वतला, साबन घेतला. फटी. नखं. मनगट. बाईनं शिकवलं तसं. मातेचं नाव घेत, कारन आता ती मातेची रेघ मोडाले निघाली होती अन् तिले जेवढं सोवळं होता येईल तेवढं होऊन जाचं होतं. येळ निघून चालली हे बाईले समजलं तशी ती अशी वरडली का तिची पुस्तकातली भाषाच गेली, "काऊन बसली व माय! ये ना! तशीच ये!" पन सासू कोपरापर्यंत आलीच होती. पुन्हा पयल्यापासून घ्याले लागली होती.

आली. हात वर धरून आली, बाईवानी, पानी गळत होतं. लेकरावर वाकली. फुंकलं. बाई सांगत गेली, हळू, गालातल्या हवेनं, तोंड अन् नाक मिळून. सासूनं सारं बरोबर केलं. लय वेळ केलं. लेकराचा निळा रंग गेला नाई.

माझं रगत थांबलं. मंग बाईनं हात काढले. लेकराचं आंग तिनंच पुसलं. बोलत बोलत.

गनू वाचला. तोंडावर फोडाचे वन राह्यले, पन वाचला. गावानं म्हनलं, साबनबाईनं लेकराले हात लावला नाई. वरून साहेब चौकशीले आला, अंगनात खुर्ची टाकून बसला. मले कोनी इचारलं नाई, मी इटाळात, कुडामांगं. साहेबानं इचारलं, "लेकराला हात लावला नाही, हे खरं?" बाई म्हनली, "खरं." बस, एवढंच. सासू मधात बोलाले गेली तं सासऱ्यानं तिले गप केलं.

साहेबानं बाईले आमच्या दवाखान्यातून हटवलं. जायच्या आधी ती मले पाहाले आली. मी म्हनली, "बाई, दोघांतून कोनाले वाचवाचं, हे शिकवलं होतं तुमाले?"

"शिकवलं होतं. आधी आई. परीक्षेला आलं होतं, मी बरोबर लिहिलं, मार्कही मिळाले." तिनं माझ्या आंथरुनाची एक वळी सपाट केली. "पेपरातलं लेकरू निळं होत नाही ना, पोरी." मंग आपल्या हाताकडं पाह्यत म्हनली, "आणि ते, हात धुऊन या, ते मी म्हटलं नाही. ते कॉलेजच्या त्या चार वर्षांनी म्हटलं."

सासू अंगनात होती. तिनं बाईची पेटी छकड्यात उचलून ठेवली. त्यावर बाईनं तिचे हात धरले, उलटे करून पायले, अन् सोडले. छकडा वडश्याच्या रस्त्यानं गेला. मंग ती कुठी गेली, कोनाले समजलं नाई.

सासू अजून हात धुते. माझ्याकडं पाहून धुते. एक दिवस म्हनली, "मी तशीच आली असती तं?" मले मातेच्या खोलीतले ते हात दिसत होते, ज्यांनी तिनं गनूचे फोड पुसले होते, अन् ते माझ्या लेकराच्या तोंडाजवळ येताना दिसत होते. तशीच आली असती तं लेकरू जगून मातेनं गेलं असतं? का जगलंच असतं? सासू म्हने, मी पाय उचलला म्हनून मातेनं गनूच्या बदल्यात त्याले नेलं. बाई म्हने, माझ्या तोंडून निघालेल्या चार वर्सांनी नेलं. अन् मी जित्ती आहो.

आता मले पुन्हा दिवस गेले आहेत. भरत आले. सुईन म्हतारी झाली, दवाखान्यात दुसरी नर्स आली नाई, अन् नदीपलीकडच्या गावात माता निघाली असं लोक म्हनून राह्यले. सासू काल मले इचारत होती, "व पोरी, तशीच येळ आली, तं मी काय करू? धुऊन येऊ का तशीच येऊ?" म्हनून तुमाले इचारून राह्यली. तुमी बाया आहा, तुमाले लेकरं आहेत. तुमी त्या गोनपाटावर बाईच्या जागी असत्या, दोन्ही हात रगतात, दारात सासू, तं तुमी काय वरडल्या असत्या?