जाळीत सापडलेले पांढरे केस

पंपाच्या जाळीत केस सापडले. लांब, पांढरे आणि खोबरेल तेलाने माखलेले. ते हातात धरून मी उभा, आणि खिशात फोन वाजतोय. साठेसाहेबांचा.

"अहो, सहा महिने आम्ही बंगल्यावर आलेलो नाही. मग क्लोरीन दुप्पट कसं लागतं? घरी नेता की काय?"

"घरी नेऊन आमटीत घालू का?" हे ओठांवर आलं होतं. तोंडातून आलं, "बघतो, साहेब."

माझा धंदा स्विमिंग पूल सांभाळण्याचा. मळवली ते लोणावळा, लोकांचे बंगले आणि त्यांतले पूल. मला स्वतःला पोहता येत नाही. हे आमच्या कामशेतात सगळ्यांना माहीत आहे, गिऱ्हाइकांना नाही. पूलमधलं पाणी पंपातून फिल्टरला जातं. पंपाच्या तोंडाशी प्लास्टिकची जाळी असते. पानं, किडे, केस तिच्यात अडकतात. क्लोरीन जंतू मारतं. माणूस पाण्यात उतरला की त्याच्या घामातेलावरही ते खर्च होतं. कोणी उतरतच नसेल तर इतकं लागायला नको.

साहेबांना टक्कल. वहिनींचा बॉबकट. नातवंडं कॅनडात. बंगल्यावर राहते ती एकटी हिरामावशी, केअरटेकर. मूळची आमच्याच बाजूची, वडिवळ्याची.

मावशी अंगण झाडत होती. मी जाळी पुढे धरली.

"मावशी, हे कोणाचे?"

"माजंच. आता काय करतोस?"

"पोहतेस?"

"पवते कसली! कमरेएवढ्या पान्यात नुस्ती चालते. ह्या भितीपास्नं त्या भितीपत्तुर. चाळीस वरसं भातलावनीला चिखलात वाकले, गुडघं ग्येलं. डॉक्टर म्हनला, बदला. म्हनलं, पैकं तू देतोस? पान्यात दुखत न्हाई बग."

"साडी नेसून?"

"मंग काय उघडी उतरू?"

मी जाळी धुऊन परत बसवली. साहेबांना सांगितलं तर मावशीची नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर मागची खोली. नवरा गेल्यापासून तेच तिचं घर. नाही सांगितलं तर मी क्लोरीनचोर.

शनिवारी साहेब आणि वहिनी आले. साहेबांचं ठरलेलं होतं. "हा पूल बुजवून टाकू. लॉन करू. नातवंडांसाठी बांधला; ती एकदा आली, तीही मोबाइलमधून डोकं वर न काढता. हौसेला मोल नसतं म्हणतात. मला ते दर महिन्याला तुमच्या बिलावर दिसतं. बरं, क्लोरीनचं काय?"

"ऊन, साहेब. उन्हानेही क्लोरीन उडतं."

हे खरं आहे. म्हणजे अर्धं.

साहेब रिटायर्ड केमिकल इंजिनिअर. त्यांनी वाकून पाण्याच्या रेषेवरच्या टाइलवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "ऊन खोबरेल लावतं का?"

मागे मावशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"मी उतरते, सायेब. ह्याचा काय दोष न्हाई. ह्याला तर पवता बी येत न्हाई."

एका दमात तिने मला वाचवलंही आणि बुडवलंही.

साहेब लाल झाले. "विचारायचं तरी!"

"इचारलं असतं तर व्हय म्हनला असता?"

मध्येच वहिनींनी विचारलं, खुर्चीतूनच. त्यांच्या गुडघ्याला पट्टा होता.

"हिराबाई, कधीपासून चालता?"

"दिवाळीपास्नं."

"फरक?"

"जिना चढते आता."

वहिनींची बेडरूम वरच्या मजल्यावर. खिडकीतून डोंगर दिसावा म्हणून हौसेने वर घेतलेली. दोन वर्षं इथे आल्या की त्या हॉलमधल्या दिवाणावर झोपत होत्या. त्यांनी पट्टा सोडला, चपला काढल्या.

"मला धराल?"

"धरते की. पायरी निसरडी हाय, उलटं उतरा."

वहिनी गाऊनसकट उतरल्या. साहेब "अगं, अगं" करत काठाकाठाने चालत राहिले. अर्ध्या अंतरावर वहिनींनी मावशीचा हात सोडला आणि हसल्या. साहेब थांबले. चहा गार झाला, तो मी प्यायलो.

पूल राहिला. लॉनऐवजी काठाला धरायला स्टीलचा दांडा बसला. दोघं आता आठवड्याआड येतात. सकाळी दोघी पाण्यात चालतात आणि तोंडंही चालवतात. साहेब काठावर बसून, ह्या गोंगाटात पेपर वाचता येत नाही, अशी तक्रार करतात. पण हॉलमध्ये जाऊन वाचत नाहीत. मावशी आता आधी अंघोळ करून उतरते. तेल मात्र सोडत नाही. क्लोरीन पूर्वीपेक्षा जास्तच लागतं. फोन येत नाही.

तेव्हापासून कोणी नवा पूल बांधायचा म्हणून आलं की खोली आणि टाइल नंतर. आधी मी विचारतो, "साध्या मंगळवारी सकाळी यात कोण उतरणार?" दोन गिऱ्हाइकांनी बेतच रद्द केला. नुकसान माझंच.

हे मी घरी मोठ्या तोऱ्यात सांगत होतो. आमच्या बाथरूममध्ये मी हौसेने बसवलेला बाथटब आहे. दोनदा बसलो त्यात. आता बायको त्यात तांदळाची पोती ठेवते. गुळगुळीत असल्याने उंदरांना चढता येत नाही. ती तांदूळच काढत होती. वर न बघता म्हणाली, "अहो, हाच प्रश्न त्या टबाच्या दुकानात का नाही सुचला?"