पांढऱ्या डागाची खातरजमा

समोरच्या बिऱ्हाडातल्या ताईला पोहता येत नाही. होडीत पाय ठेवला की तिच्या पोटात ढवळतं. आणि नोकरी काय, तर समुद्रातल्या प्रवाळांवर नजर ठेवायची. ऑफिसात खुर्चीवर बसून ती उपग्रहाने पाठवलेली चित्रं बघते. पाणी किती तापलंय, त्याने प्रवाळाचा रंग उडून ते पांढरं कुठे पडलंय, ते शोधते. मला गॅसवरचं दूध उतू गेलेलं दिसत नाही, हिला आभाळातून समुद्राचा तळ दिसतो.

दोन वर्षांपूर्वी तिने एक पांढरा डाग बघून इशारा दिला. होड्या थांबल्या, पाणबुडे उतरले, आणि निघाली वादळाने आणून टाकलेली वाळू. तेव्हापासून अख्खी इमारत तिला वाळूताई म्हणते. नाव कोणी ठेवलं ते विचारू नका, मी जरा लाजाळू आहे.

यंदा तसाच डाग पुन्हा दिसला. या वेळी तिने तीन वर्षांची चित्रं शेजारी शेजारी लावली. जुन्या चित्रांतली वाळू सरकत गेली होती, हा डाग मात्र आठवडेच्या आठवडे प्रवाळाची कड सोडत नव्हता. पाणीही सहा आठवडे तापलेलं. पण साहेब म्हणाले, आधी कोणीतरी बघून या. पाणबुडे दहा दिवसांनी मिळणार, आणि तोवर पर्यटकांच्या होड्यांचे नांगर त्याच दुबळ्या प्रवाळावर आदळणार.

होडीवाल्यांचा म्होरक्या हिचाच थोरला भाऊ. तिने त्याला जिन्यात गाठलं. मी नेमकी तेव्हाच पायपुसणं झटकायला बाहेर आले.

"दादा, तिथे नांगर टाकू नका."

"परत वाळू?"

"वाळू निघाली तर नोकरी सोडते."

"सोडून करशील काय? स्वयंपाक तर येत नाही."

"तू उतरून बघ ना. मला पोहता येत असतं तर तुझ्या पाया पडले असते का?"

"अजून पडलीस कुठे?"

दुसऱ्या दिवशी तो तिची जिरवायलाच उतरला. दुपारी ओल्या केसांनी तिच्या दारात उभा.

"फांदी न् फांदी पांढरी आहे गं. मेलं का सगळं?"

"अजून नाही, उपाशी आहे. त्याला खाऊ घालणारं तपकिरी शेवाळ पाणी तापल्यावर निघून गेलंय. पाणी निवलं आणि कोणी धक्का लावला नाही, तर सावरेल."

त्याच संध्याकाळी त्याने प्रवाळाभोवती रिकामी पिंपं तरंगती बांधली. आत शिरणाऱ्या होडीवाल्यांचा त्याने जो उद्धार केला, तो लिहिण्यासारखा नाही.

चार महिन्यांनी ताईने मला चित्र दाखवलं. मला सगळं निळंच दिसलं. तिने बोट ठेवलं तिथे एक पट्टा पुन्हा तपकिरी होत होता. सगळं नाही वाचलं, पण बरंच वाचलंय. दादा हल्ली रोज सकाळी फोन करतो, "आज उपग्रह येतोय ना? ढग हटले का?" आणि ढगांनी चित्र झाकलं की दोघंही दिवसभर कोणाशी धड बोलत नाहीत.