सरांचा कॅल्क्युलस

सर म्हणजे गणिताचे सर. घराच्या पुढच्या खोलीत बारा बाकं टाकून ते एकवीस वर्षं कॅल्क्युलस शिकवत होते, आणि त्यातली निदान पाच वर्षं स्वतःचं कौतुक करण्यात गेली असतील. "कॅल्क्युलस म्हणजे आपलं कलन. शब्द आपलाच, बाकीच्यांनी ढापला," असं दर नव्या वर्गाला ते छाती फुगवून सांगत. कुणी विचारलं, "कुठे लिहिलंय, सर?" की त्याला फळ्याशी उभं करून न सुटणारं गणित घालत.

त्यांची बायको, वर्गातल्या मुलांची काकू, पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसायची. मधल्या दारातून तेच प्रवचन ऐकून तिचे कान किटले होते. लग्नानंतर वर्षभर तिला नवरा विद्वान वाटला. पुढे कळलं, की घरातला जाडजूड शब्दकोश खिडकी आपटू नये म्हणून तिथे लावलेला आहे आणि त्याला दुसरं काम नाही.

त्या वर्षी तिच्या कमरेत डाव्या बाजूला कळा येऊ लागल्या.

"गॅस असेल. गरम पाणी पी," सर पेपर तपासता तपासता म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ती पोस्टाच्या खिडकीतच घामाघूम होऊन वाकली. शेजारच्या खिडकीत टपालाची तिकिटं विकणारी मैत्रीण तिला सोनोग्राफीला घेऊन गेली. संध्याकाळी काकूने रिपोर्ट सरांपुढे ठेवला. डाव्या मूत्रपिंडात कॅल्क्युलस, आठ मिलिमीटर.

सर हसले. "गाढव आहेत लेकाचे. माझा विषय छापलाय. नवरा काय शिकवतो ते सांगत बसली असशील."

"अहो, मुतखडा आहे तो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लॅटिनमध्ये कॅल्क्युलस म्हणजे छोटा खडा. पूर्वी खडे मांडून मोजायचे, म्हणून गणितातही तोच शब्द आला. दातांवरच्या किटणालासुद्धा म्हणतात."

"डॉक्टरला काय कळतंय गणितातलं," म्हणत सर वर्गावर गेले.

खडा काढायला सोमवार मिळाला. सोमवारी मोठी बॅच असते, म्हणून सर आले नाहीत. तिकीटवालीने रजा टाकली. दोन दिवसांनी काकू घरी आली तेव्हा वर्ग भरलेला होता. चपला काढताना तिच्या कानावर आलं, "लॅटिनमध्ये कॅल्क्युलस म्हणजे खडा. हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. मी शब्दाच्या मुळाशी जाणारा माणूस आहे."

मुलं खाली माना घालून लिहून घेत होती. सरांनी तिला पाहिलं आणि हातानेच आत जायची खूण केली. बरं वाटतंय का, एवढंही तोंडातून निघालं नाही.

पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, पण मागे तुम्ही कलन म्हणाला होतात."

"मी? कधी?"

"एकवीस वर्षं म्हणताय," दारातून काकू म्हणाली. आवाज चढवायची तिला गरज वाटली नाही. "परवा माझा खडा निघाला, तेव्हा कुठे अर्थ कळलाय तुम्हाला."

वर्गात खसखस पिकली. सरांनी खडू ठेवला आणि तास लवकर सोडला.

पुढे आठवडाभर ते तिच्याशी बोलले नाहीत. तिचा तो आठवडा फार छान गेला.