पट्टीखालचा चेहरा

सिरियलमध्ये मला ट्रकने उडवलं तेव्हा मी पेढे वाटायचीच बाकी होते. थोरल्या मुलीचं काम होतं माझं. तिला अपघात म्हणजे आता महिनाभर कॅमेरा माझ्यावरच, असं मला वाटलं. कसलं काय!

नोएडात एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये आमचं शूटिंग चालायचं. मेकअपवाल्याने माझं तोंड पट्ट्यांनी गुंडाळलं, डोळ्यांसकट. नाक आणि ओठ तेवढे मोकळे ठेवले. पलंगावर पडून राहायचं आणि सांगितलं की कण्हत "माँ" म्हणायचं. आरामाचं काम वाटतंय ना? डोंबलाचा आराम! ऐन मे महिना, वर दिवे भाजतायत आणि पंखा बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये जाते. पट्टीखाली घामाने नुसती खाज सुटायची. पण मी हूं की चूं केलं नाही. या कामासाठी मी परीक्षा देऊन मिळवलेली मिनिस्ट्रीतली पक्की नोकरी सोडली होती.

तेव्हा नवे चॅनल यायला लागले होते. दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टर्सवर केबलच्या वायरी वाळत घातल्यासारख्या लोंबायच्या. गणपतीत मंडळाच्या नाटकांत मला टाळ्या पडायच्या, तेवढ्या भांडवलावर मी राजीनामा दिला. बाबा एवढंच म्हणाले, "पेन्शन सोडून तोंड रंगवायला निघाली." त्यानंतर माझ्याशी बोलणंच बंद. मी समोर जेवायला बसलेली असायची आणि हे आईला सांगायचे, "तिला आमटी हवी का विचार." आई मात्र सिरियलच्या वेळी टीव्हीसमोर स्टूल घेऊन बसायची. दूध उतू गेलं तरी उठायची नाही. मी पडद्यावर आले की पदराने काच पुसायची.

तर त्या पलंगावर. डोळे बांधले की माणूस बहिराही होतो, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. मुंबईहून चॅनलचा माणूस आला होता. माझ्या उशाशी उभा राहून तो डायरेक्टरला म्हणाला, "ये चेहरा थोडा सरकारी लगता है, यार."

"तो बदल देते हैं," डायरेक्टर म्हणाले. "पट्टी तो बँधी ही है."

मी तिथेच पडलेली! ताडकन उठून दोघांच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. पण लाइट लागले होते. "ॲक्शन" ऐकू आलं आणि माझ्या तोंडून "माँ" असं काही निघालं, की डायरेक्टर ओरडले, "क्या बात है!" पट्टी आतून भिजून चिंब झाली होती. तो शॉट तसाच दाखवला त्यांनी. आईला फार आवडला.

मग मी काय काय नाही केलं. डायरेक्टरांच्या केबिनबाहेर उभी राहिले. केस कापते म्हटलं, बारीक होते म्हटलं. शेवटी मोलकरणीचं काम द्या म्हटलं, आणि ते म्हणताना अक्षरशः हात जोडले. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "बेटा, तेरे काम में कोई कमी नहीं है." कमी नाही! मग रडायचं तरी कशासाठी, तेही कळेना.

पट्टी सोडायचा सीन आला. डॉक्टर झालेला नट एकेक वेढा काढत गेला. शेवटचा वेढा राहिला तेव्हा "कट" झालं. मी उठले. माझ्याच जागेवर, माझ्या अंगाने गरम झालेल्या गादीवर, एक गोरीपान मुलगी येऊन बसली. तिच्या तोंडाला तेवढा एक वेढा बांधला आणि सोडला. सिरियलमधली माझी आई, माझ्या डब्यातली थालीपीठं मिटक्या मारत खाणारी बाई, तिला मिठी मारून हमसाहमशी रडली. "मेरी बच्ची!" मी दिव्याच्या स्टँडला टेकून पाणी पीत होते.

मग त्या मुलीने तोंड उघडलं आणि सगळ्यांचे चेहरे पडले. हिंदी म्हणजे आनंदीआनंद, आवाज फाटका. डायरेक्टरांची नजर फिरत फिरत माझ्यापाशी थांबली. "बेटा, आवाज दे दोगी? पब्लिक को पहचान है."

मसणात जा म्हणायला हवं होतं. पण नोकरी गेली होती, आणि बाबांना हे कोणत्या तोंडाने सांगू? "दूँगी, सर," मी म्हणाले. डबिंगच्या काचेच्या खोलीत उभी राहून, तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत मी पहिलं वाक्य म्हटलं, "माँ, पहचाना नहीं? मैं ही तो हूँ."

घरी मी अवाक्षर काढलं नाही. त्या संध्याकाळी आई नेहमीसारखी स्टुलावर बसली. बाबा पेपरमागे. पट्टी सुटली, आतून कोणी भलतीच निघाली. आईने पदर हातात धरला होता, तो तसाच राहिला. मग ती भलती बोलली, "माँ, पहचाना नहीं?"

बाबांचा पेपर खाली आला. टीव्हीकडे नाही, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आवाज तुझा ना?" इतक्या दिवसांनी मला, सरळ मला विचारलं. मी मान हलवली.

आई उठली, स्टूल उचलून स्वयंपाकघरात गेली. पोळपाट ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग तिची हाक आली,

"अहो, मोठा करा जरा. इथे ऐकू येत नाहीये."

बाबा उठले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.