कोरी चिठ्ठी

देवरावजी आयुष्यात कधी विमानात बसले नाहीत. पण पांढुर्ण्यातल्या त्यांच्या ओसरीवरच्या टेबलावर दर रविवारी दोन-तीन विमानं पडत.

त्यांचा जन्म संत्र्याच्या पेट्या ठोकण्यात गेला. उरलेल्या फळ्यांतून त्यांनी पहिल्या महायुद्धातली बोटभर विमानं कोरली, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग त्यांना दिला आणि ती सायकलच्या स्पोकवर उभी केली. स्पोक जितका लांब, तितकं विमान उंच. या विमानांच्या लढाईच्या खेळाचे नियम पुतण्याने इंटरनेटवरून काढून दिले होते. मी सौसरहून बसने खेळायला जायचो. शाळेत इतिहास शिकवत असल्यामुळे सुरुवातीला त्यांच्या चुका काढायचो. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि माझं विमान पाडायचे. "मास्तर, तुमाले तारखा पाठ हायेत. वळनं नाही."

या खेळात सगळं चिठ्ठीवर असतं. दोघांनी आपली पुढची चाल गुपचूप लिहायची, पालथी ठेवायची आणि एकदम उघडायची. लिहिलेलं बदलायचं नाही. "हवेत ब्रेक नसते," ते म्हणायचे.

एकदा मोहल्ल्यातल्या कार्यक्रमात त्यांनी हा खेळ मांडला. प्रमुख पाहुणे शौर्यावर अर्धा तास बोलले आणि गळ्यातला हार सावरताना त्यांच्या कोपराने तीन विमानं खाली गेली. देवरावजींनी खेळाच्या वहीत लिहिलं: 'तीन विमानं. पाडणारे, प्रमुख पाहुणे. चिठ्ठी नाही.'

पुढे काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. खेळ थांबला नाही. मी आधी माझी चिठ्ठी लिहून अडकित्त्याखाली ठेवायची, मग त्यांनी आपली चाल तोंडी सांगायची. बोटांनी स्पोक चाचपून ते सगळं आकाश डोक्यात धरत. पण हळूहळू ते हरू लागले. कितीतरी रविवार सलग हरले. शेवटी एकदा मी अडकित्त्याखाली कोरी चिठ्ठी ठेवली, त्यांची चाल ऐकली आणि माझं विमान सरळ त्यांच्या बंदुकीसमोर नेलं.

"पडलो," मी म्हणालो.

त्यांनी हात पुढे केला. "चिठ्ठी द्या."

त्यांनी कागदावरून अंगठा फिरवला. बॉलपेनचा दाब कुठेच लागला नाही.

"मास्तर, मी खेळून राहिलो, का तुमी माही सेवा करून राहिले?"

त्यांनी चिठ्ठी परत माझ्या हातात दिली.

"आंधळा झालो तं घरचे पानी बी हातात देऊन राहिले. या टेबलावरच मले कोनी पाडते. थे बी बंद करता का?"

त्यांच्याइतक्या आदराने माझ्याशी कुणी भांडलेलं नाही. पुढच्या रविवारी मी खरी चिठ्ठी लिहिली आणि त्यांचं लाल विमान पाडलं. त्यांनी ते स्वतः चाचपून उचललं, मांडीवर ठेवलं. "आता शिकले तुमी वळन."

थंडीत ते गेले. शोकसभेत वक्त्यांनी त्यांना अंधारावर मात करणारा अजिंक्य योद्धा करून टाकलं. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच सांगितलं, की आमच्या शेवटच्या रविवारीही मी त्यांना पाडलं होतं. सभा अवघडली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

पुढच्या रांगेत त्यांच्या पत्नी यमुनाबाई पदराने डोळे पुसता पुसता हसल्या.

"हाव. घरभर सांगत होते थे. मास्तरनं पाडलं म्हने मले."